मागच्या सीटवरचं बोलणं

२७ जुलै, रवि.
मोटारसायकलवर गाण्यांचा प्लेअर बसला एकदाचा. सकाळपासून दारात पाना-पक्कड घेऊन बसलो होतो. टाकीवरचं कव्हर काढलं, काचेखालच्या दोन स्पीकरांपर्यंत वायर ओढली, प्लेअर हँडलजवळ रबरी पट्टीने बांधला. चार्जिंग गाडीच्याच बॅटरीवरून. आगपेटीएवढी वस्तू, आत हजारभर गाणी. रेडिओ मंद्रूप ओलांडलं की खरखरतो, त्यापुढे नुसत्या कानडी बातम्या. ती कटकट मिटली.
दिवाळीत बदामी. मी आणि सुवर्णा, वाटेत गाणी. लग्नाला एवढी वर्षं झाली, दोघं मिळून कुठे गेलो म्हणावं तर तिरुपती. तेही तिच्या आईवडिलांसकट. सुवर्णा म्हणाली, गाणी असतील तर येते मागं बसून. कबूल.
संध्याकाळी मित्र रेवण्णा आला. त्याला रेस देऊन दाखवली. म्हणतो, "व्यंक्या, गाणं ब्येस हाय, पन रेस दिली की शिट्टी येतीय की." कसली शिट्टी? त्याच्या पोटात दुखतंय. त्याच्या गाडीला हॉर्नसुद्धा धड नाही.

२९ जुलै, मंगळ.
इरफानकडे गाडी नेली. गाड्यांना स्पीकर बसवून बसवून त्याचे केस पिकायला आले, तरी मला चाचा म्हणतो.
"चाचा, सीटी आरी ना, सुनो." रेस दिली. "अब जादा आरी. तुमकु नई आरी क्या?"
रेवण्णाने आधीच फोन केला असणार. बॅटरीवरून चार्ज केलं की स्पीकरात अशी शिट्टी येते म्हणे, मध्ये एक डबी बसवली की जाते. बसव म्हटलं. बसवल्यावर त्याचं तोंड उजळलं. "गई." मला आधीही नव्हती, आताही नाही.
माझी तक्रार वेगळीच. गाणी गोधडीखालून येतात. तबला ठीक, पण गाणारी बाई कुठेतरी आत कोंडलेली. बासरी तर नाहीच. इरफान म्हणतो, एकदम साफ बजरा.

३ ऑग., रवि.
हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन आलो. सुवर्णा मागे. जाता-येता एक शब्द बोलली नाही, गाण्यात रमली असणार. मी पुढे मान डोलवत होतो. फार दिवसांनी बरं वाटलं.
घरी आल्यावर ताट समोर आदळलं. काय झालं विचारलं तर, "काही नाही, तुमचं चालू द्या." तेलुगूत म्हणाली, मराठीत लिहितोय म्हणून सौम्य वाटतंय.

९ ऑग., शनि.
नारळी पौर्णिमा. रथाची मिरवणूक. शहराच्या पूर्व भागात पाय ठेवायला जागा नाही. डीजेने छाती हादरत होती. पलीकडच्या फुटपाथवर नरसय्या दिसला, माझ्याच यंत्रमागाच्या शेडमधला, लूम दुरुस्त करणारा जुना जॉबर. तिथून त्याने विचारलं, पोरगी कशी आहे. मी इथून सांगितलं, पुण्यात, बरी आहे. त्याची सून बाळंत झाली. मुलगा. एवढं सगळं डीजेच्या आरपार बोललो, नुसत्या ओठांवर आणि हातांवर. लूमच्या खडखडाटात उभा जन्म असाच बोललो आम्ही. लूम भंगारात गेले, शेड विकून ही गाडी आली, पण एवढी विद्या राहिली. आजूबाजूचे लोक एकमेकांच्या कानात ओरडत होते. आमची आम्हालाच गंमत वाटली.

१५ ऑग., शुक्र.
नवे स्पीकर टाकले. तरी तेच. मग इरफानने गाडीला बसवलेल्या अँप्लिफायरवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा कुठे बाई गोधडीतून बाहेर आली. इरफानने कानावर हात ठेवले. "चाचा, कान में सुई घुसरी." बाहेर चहा पिणारे दोघं उठून गेले.
राहू दे म्हटलं असंच. गाडी माझी, गाणी माझी.

१७ ऑग., रवि.
सुवर्णाचं हेल्मेट पुसायला घेतलं, त्यातून कापसाचे बोळे पडले. वारं लागतं कानाला, म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.
एक शंका आली. लिहिली की खरी होईल, म्हणून इथे लिहीत नाही.
रात्री लिहितोच. प्लेअरमध्ये काही बिघाड नसेल तर?

२४ ऑग., रवि.
रात्री बसून लिहितोय.
विजापूर रोड. गाणं चांगलं रंगात आलेलं. सुवर्णा मागून पाठीवर थापा मारायला लागली. मला वाटलं ठेका धरतेय. आजवर कधी धरला नव्हता. बरं वाटलं, आवाज आणखी वाढवला. ती आणखी जोरात. मी मान डोलवली.
मागून टेम्पो होता. हॉर्न वाजवत होता म्हणे, कितीतरी वेळ. उजव्या बाजूची सामानाची पेटी घासून गेला. गाडी मातीत उतरली, पडलो नाही एवढंच. टेम्पोवाला पुढे थांबला, उतरून आला, शिव्या देत. त्या मात्र सगळ्या कळल्या, समोर उभा होता ना.
सुवर्णा रिक्षाने घरी आली. मी रिक्षाच्या मागे मागे.

२५ ऑग., सोम.
आज समोर बसून बोलली. दिवा लावून, तोंड उजेडात धरून. म्हणजे तिला माहीत आहे मी कसा ऐकतो ते. कधीपासून?
"मागं बसले की मी बोलते. पयल्या दिवसापासून बोलतीय. तुमी मान हलवता. मला वाटायचं ऐकताय. मग वाटलं, ऐकून गप बसताय. हिप्परग्याला आईच्या आजारपणाचं सांगितलं सगळं, तुमी मान डोलवत हुता."
घरात ती समोर असते, भाजी निवडताना, वाढताना, भांडताना. शब्द दिसतात. गाडीवर ती पाठीमागे. जगात तेवढी एकच जागा, जिथे मला तिचं तोंड दिसत नाही. आणि तीच जागा मी हौसेने, शेड विकून, घरात आणली.
"आता मी मागं बसणार न्हाई," म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर समजूत काढली असती.

११ सप्टें., गुरु.
गणपती गेले, मग कानाचा डॉक्टर. तरुण आहे. मी खुर्चीत बसायच्या आत विचारलं, "लूमवर होता का?" कसं ओळखलं? म्हणाला, "दारातून आत येताना तुम्ही माझ्या ओठांकडे बघत आलात."
काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आधी पटापट दाबलं. मग नुसता बसून राहिलो, बटणावर अंगठा ठेवून. बाहेर डॉक्टरची मदतनीस कागदावर टिंबं काढत होती, म्हणजे आवाज चालू होते. शाळेत पेपर कोरा राहायचा तसं वाटलं.
मग डॉक्टरने तोंडापुढे कागद धरला आणि शब्द म्हणून दाखवले. एकही धड सांगता आला नाही. सुवर्णा शेजारी होती. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं, पिशवीचा बंद गुंडाळत बसली.
खालचे सूर आहेत, वरचे गेले. बासरी, बायकांचा आवाज, शिट्टी. लूमनेच. गेलेलं परत येत नाही. मशीन लावा, आहे ते सांभाळा, मोठ्या आवाजात गाणी बंद.
गाडी? डॉक्टर सुवर्णाकडे बघत बोलला, मला दिसलं नाही.

२८ सप्टें., रवि.
कानात मशीन. सगळं ऐकू येतं आणि कशातच अर्थ नाही. चमचा पडला की डोक्यात घण. नळ म्हणजे कारखाना. सुवर्णाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. तिचा आवाज असा नव्हता. मग कसा होता, ते आठवायला बसलो. आठवेना. दुपारभर तोच विचार. इतकी वर्षं ओठ वाचले, आवाजाकडे लक्षच दिलं नाही.
वरून हेल्मेट घातलं की मशीन शिट्टी मारतं. ती मला ऐकू येत नाही. सुवर्णा आतल्या खोलीतून धावत आली, "काडा ते, काडा." शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं होतं. ते मला ओठांवर सांगितलं तिने. हसलो दोघं. मग ती हसायची थांबली, मीही थांबलो.
मशीन डबीत.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. गाडी धुतली, हार घातला. सुवर्णाने हळदीकुंकू लावलं आणि मग आपणहून प्लेअर चालू केला. ट्रेबलचं बटण पकडून मागे फिरवत गेली. थांबली. पुन्हा जरासं पुढे. डोळे मिटून ऐकत होती. तिने आधी कधी त्या बटणाला हात लावला नव्हता.
"आता बराबर हाय," म्हणाली. रेवण्णा सोनं द्यायला आला होता, तोही म्हणाला, "आता कसं, लई ग्वाड झालं बग."
म्हणजे काम पुरं झालं. वायरिंग बरोबर, शिट्टी नाही, स्पीकर नवे, सूर नेमके. गाडीला जसा प्लेअर पाहिजे होता तसा बसला. मी टाकीवर तळहात ठेवून उभा होतो. हातात तबला लागत होता. बाकी काही नाही. दोघं गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. बाई बरंच गात असणार.

२३ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. बदामी राहिली. रेवण्णा म्हणत होता, माझ्या कारने जाऊ, मी चालवतो. नको म्हटलं. उगाच तोडून बोललो त्याला. पुण्याहून पोरगी आली होती, तिच्याशी व्हिडिओवर बरं बोलणं होतं, समोर आली की ती फोनमध्ये मान घालून बोलते.
गाडी पंधरा दिवस जागची हलली नाही. वर धुळीचा थर. बोटाने रेघ ओढली आणि पुसली.

२ नोव्हें., रवि.
दुपारी सुवर्णा हेल्मेट घेऊन समोर उभी. "चला, मंद्रूपपर्यंत जाऊ. गाणं नको. मला बोलायचंय."
इथेच बोल की, समोर, म्हटलं.
"समोर जमत न्हाई."
थांबून म्हणाली, "हळू चालवा. आता गाणं न्हाई, तर ऐकू ईल की."
येणार नाही, हे सांगायला हवं होतं. गाणं असो नसो, मागचं मला येत नाही. तिचा चेहरा बघून सांगवलं नाही. इतक्या दिवसांनी मागे बसायला तयार झाली होती. मशीन खिशात टाकलं, हेल्मेटखाली काय उपयोग. निघताना डावा आरसा तिच्या तोंडाकडे वळवला. तिला कळू न देता.
शहर संपलं आणि ती बोलायला लागली. आरसा थरथरत होता, ऊन समोरून. ओठ हलताना दिसत होते पण शब्द जुळत नव्हते. दोन हाताला लागले. 'एकटी'. 'दिवाळीपासून'. मग ट्रक आला, रस्त्याकडे बघावं लागलं. परत आरशात बघितलं तर ती डोळे पुसत होती. पुन्हा बोलायला लागली. इतकं सलग ती माझ्याशी घरात कधी बोलली नसेल. मी मान हलवत राहिलो. ह्या वेळी मला माहीत होतं मी काय करतोय.
मंद्रूपच्या अलीकडे ती थांबली. आरशात तोंड बंद. वाट बघत होती. म्हणजे काहीतरी विचारलं होतं.
"हो," म्हटलं.
तिने कपाळ माझ्या पाठीवर टेकलं. तिचं हलणं पाठीला लागत होतं, रडत होती की हसत होती कळलं नाही. आम्ही चहा न घेताच परत फिरलो.

३ नोव्हें., सोम.
सकाळपासून ती हलकी दिसतेय. डोक्यावरून न्हाली, आपणहून माझ्या आवडीची आमटी केली. कपाट उघडून साड्या काढल्या आणि पलंगावर दोन वेगवेगळ्या ढिगांत ठेवल्या. कशासाठी, ते विचारायचं तर काल ऐकलं नव्हतं हे सांगावं लागेल. मग तिला ते सगळं पुन्हा बोलावं लागेल, तेही समोर. समोर जमत नाही म्हणाली आहे.
आता ती स्वयंपाकघरात दुधनीला राहणाऱ्या तिच्या बहिणीशी फोनवर बोलतेय. मशीन कानात घातलंय, तरी नुसता पत्र्याचा खडखडाट. तिची पाठ माझ्याकडे आहे. वही घेऊन दारात उभा आहे, वळेल म्हणून.