काढायची राहिलेली फाइल

येडशी,
१२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सखूआत्या,

पाया पडते. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी तुमच्याशी काय बोलते ते मला आता चांगलं माहीत झालंय, म्हणून पत्र. हे चौथं आहे. आधीची तीन फाडली.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तेवढा धरतो. आण्णा भाऊबिजेला तुमच्याकडं येऊन गेले, तेव्हापासून घरात एकच विषय आहे. तुम्ही सुनेशी बोलत नाही, तिला शेळ्यांजवळ फिरकू देत नाही. "तू शिकलेली हाईस, तूच समजाव आक्काला," असं आण्णा मला रोज म्हणतात. परवा मी निघालेही होते. भूमला उतरले, तुमच्या ईटच्या गाडीत बसले आणि गाडी हलायच्या आत खाली उतरून परत आले.

मी घरी बसून लॅपटॉपवर काय करते, असं तुम्ही नेहमी विचारता आणि मी "कंपनीचं काम" म्हणून उडवून लावते. आज नीट सांगते. तुमच्या फोनवर शेळ्यांचं जे ॲप आहे, ते आमच्याच कंपनीचं. त्याचा कोड हजारो फायलींत आहे आणि आता तो बराचसा एआय एजंट लिहितात. एजंट म्हणजे माणूस नव्हे, तोही प्रोग्रामच. काम सांगितलं की कुठं काय लिहिलंय ते तो आधी मी सांभाळते त्या फायलींच्या सूचीत शोधतो, आणि जे सापडेल ते खरं धरून पुढं लिहितो. म्हणून कोड बदलला की सूची लगेच बदलावी लागते. नवी फाइल आली तर घालायची, रद्द झाली तर काढायची. पगार मला याचाच मिळतो.

काढायच्या कामाला फार वेळ लागायचा. तोवर एजंट अडकून बसायचे आणि सगळे माझ्यावर खेकसायचे. म्हणून घालायचं मी रोज ठेवलं आणि काढायचं रविवारवर ढकललं. एक रविवार मैत्रिणींबरोबर रामलिंगला गेले. दुसऱ्या रविवारी काहीच कारण नव्हतं, कंटाळा केला.

इथवर लिहिलं आणि मध्येच उठून अंगण झाडून आले. सकाळीच झाडलं होतं.

जंताच्या औषधाची एक जुनी फाइल आमच्या कंपनीतल्या जनावरांच्या डॉक्टर वीरभद्रांनी रद्द करायला लावली होती, कारण तिच्यात गाभण शेळ्या वगळलेल्या नव्हत्या. नव्या फाइलीत वगळल्या होत्या. माझ्या सूचीत दोन्ही राहिल्या. एजंटाला जुनी सापडली. तिच्यावरून त्यानं औषध पाजायच्या शेळ्यांची यादी केली आणि ती चाचणीसाठी एकाच घरी गेली. तुमच्या. तुमचं नाव मीच दिलं होतं, कौतुकानं.

यादीत कानातल्या बिल्ल्यांचे चौदा नंबर होते. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून ज्ञानेश्वरीवहिनींनी वाचले, तुम्ही एकेकीला पाजलं. आठवड्यात पाच शेळ्या गाभडल्या. त्यात तुमची चांदी शेळीही.

तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा मी लगेच सूची पाहिली आणि मला कळलं. जुनी फाइल काढली, यादी नव्यानं करवून घेतली. तुमच्या फोनवरही ती आपोआप बदलली, गाभण सात शेळ्यांचे नंबर निघून गेले, सात उरले. संध्याकाळी तुमचा परत फोन. "वर्षे, सून म्हणती चौदा नंबर व्हते. बालाजीला दावलं तर त्यो सातच हाईत म्हणतोय. हिनं गाभण शेळ्यांचेबी वाचले व्हय गं?"

मागून वहिनींचा आवाज येत होता. "चौदाच व्हते ओ, म्या मोजलेत."

मी म्हणाले, "असंल आत्या. घाईत होतं असं."

तेवढंच बोलले. यादी मी लपवायला बदलली नव्हती, बरोबर करायला बदलली होती. पण ती बरोबर झाली आणि वहिनी खोट्या ठरल्या, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. तुम्ही गावभर माझं नाव सांगता, तेही जाईल म्हणून. दोन महिने झाले.

आज सकाळी कंपनीला सगळं लिहून कळवलं, म्हणजे आता मला माघार नाही. काय करतील ते करोत. जुनी यादी छापून सोबत ठेवली आहे. वर तारीख आहे.

बालाजीदादा आठवडाभर गाडीवर असतो. म्हणजे बोलत नसलात तरी हे पत्र तुम्हाला वहिनींच्याच हातात द्यावं लागेल. मला तेच हवंय.

वहिनी, तुम्ही इथपर्यंत वाचलंत. स्वतःच्या बाजूचं म्हणून तुम्ही हळू वाचाल, मला तुमचा स्वभाव ठाऊक आहे. तसं करू नका. ओसरीवर या आणि पुढचं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं वाचा.

यादीत चौदाच नंबर होते. ज्ञानेश्वरीनं ते बरोबर वाचले. खोटं वर्षाराणी बोलली.

तुमच्या दारात यायचं धाडस अजून न झालेली,
तुमची भाची
वर्षाराणी