माणसं येण्याआधी

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो. गाडी वेळेवर, सामान शाबूत, आणि नव्या घराचं कुलूप पहिल्याच फटक्यात उघडलं, म्हणजे नशीब जोरावर दिसतंय. घर शहराच्या पार कडेला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. एका ओळीत सारखीच बैठी घरं, पुढे हातभर अंगण, सगळ्यांची दारं एकाच हिरव्या रंगाची. शेजाऱ्याच्या घरात शिरून झोपलो तरी सकाळपर्यंत कळायचं नाही. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. मागच्या खोलीत भुंगीचं टेबल मावेल, मी वितीने मोजून पाहिलं. आमची पोरगी अभ्यास करताना सारखी गुणगुणते म्हणून ती भुंगी. स्वतःची खोली मिळणार या नुसत्या कल्पनेने ती तिकडे नाचतेय.

चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात मला तपासनीस म्हणून घेतलंय. मालक भला माणूस. महिनाभर एकटे राहा, परिसर बघा, पटलं तर बिऱ्हाड आणा, नाहीतर खुशाल परत जा, म्हणाले. बायको तिथली नोकरी सोडणार, पोरीची शाळा सुटणार, तेव्हा निर्णय डोकं ठिकाणावर ठेवून घ्यायचा, असं बायकोने बजावलंय. माझं डोकं एरवी कुठे असतं ते तिलाच ठाऊक. दर रविवारी ती फोन करून एकच विचारणार आहे: यायचं की नाही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

काम सोपं आहे. काच दिव्यासमोर धरायची, तिरकी करायची, ओरखडा शोधायचा. सापडला की बाजूला ठेवायची. दिवसभर खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. बायको म्हणते, हे तर तू घरी फुकट करतोस.

संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. सोबत काका आणि ओळीतली आणखी दोघं. प्रत्येकाने आपापली खुर्ची उचलून आणली होती, याचं मला हसू आलं. इथली ही पद्धतच आहे म्हणे. माणसं येण्याआधी त्यांची ओळख यायला हवी, म्हणजे मग परकं वाटत नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांनी बायकोबद्दल विचारलं. मी मुळात बडबड्या, त्यात चार दिवस तोंडाला कुलूप. सांगत सुटलो. ती विनोद सांगायला लागली की तो संपायच्या आत स्वतःच हसते, आणि मग विनोद काय होता ते कुणालाच कळत नाही. हे ऐकून कुणी हसलं नाही. काकूंनी मात्र ते पुन्हा पुटपुटून पाहिलं, पाठ करतात तसं. मग सगळे खुर्च्या घेऊन गेले. फार हलकं वाटलं. झोपही छान लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

बायकोचा फोन आला. शाळा जवळ आहे, रस्ता शांत आहे, शेजार प्रेमळ आहे, असं सगळं सांगितलं. अजून नक्की काही ठरवलं नाही म्हटलं, पण पारडं इकडेच झुकतंय. मग ती तिच्या ऑफिसातली काहीतरी गंमत सांगायला लागली आणि मध्येच हसत सुटली. मला कळेना. काय झालं विचारलं, तर म्हणाली, असं काय करतोस, मी नेहमी अशीच हसते की.

असेल. फोन ठेवल्यावर मागचं पान वाचलं. तिथे तेच लिहिलंय. अक्षर माझं आहे. आठवत मात्र काही नाही. प्रवासाची दगदग असेल.

काकू मंडळी रोज येतात. काल भुंगीबद्दल विचारलं. हनुवटीवरची झोक्यावरून पडल्याची खूण, दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायची खोड, गुणगुणणं, सगळं सांगितलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दाढी करताना मागच्या खोलीतून गुणगुण ऐकू आली. गाणं नव्हतं. मध्ये थांबायची, श्वास घेतल्यासारखी, आणि पुन्हा चालू. मी तोंड धुतलं, पुसलं आणि जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. जमिनीवर लहान मुलाचे मोजे पडले होते, एक निळा, एक पट्ट्यांचा. मी ते उचलून खिडकीत ठेवले. घाबरायला हवं होतं, असं बसमध्ये बसल्यावर सुचलं.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आमच्याच ओळीत राहतो. त्याला हळूच विचारलं. सुरुवातीला असं होतं, मग सोपं जातं, म्हणाला. तुमचं बिऱ्हाड कधी आलं, असं विचारलं. यावं लागलं नाही, म्हणाला. आणि हातातली काच पुसत राहिला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भीती वाटली. खरीखुरी.

कामावरून आलो तर स्वयंपाकघरात खिडकीशी एक बाई उभी. पाठमोरी. बटाटे सोलत होती. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. काल संध्याकाळी मी हेच सांगितलं होतं. ती वळली नाही. वळणार तरी कशी, चेहरा मी अजून सांगितलेला नाही.

बाहेर पळालो. थांब्यावरच्या बाकावर बसून बायकोला फोन लावला आणि येऊ नका म्हणालो. तिने कारण विचारलं. तुझा आवाज असा लाकडासारखा का येतोय, असं ती दोनदा म्हणाली. रविवारी मीच परत येतो, नोकरी गेली खड्ड्यात, एवढं सांगितलं. ती बरं म्हणाली. पोरीची समजूत काढते म्हणाली.

ठरलं. इथे ती दोघं यायची नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी भरली. दार आतून लावून घेतलं. संध्याकाळी ते आले. खुर्च्या अंगणात मांडून बसले. कुणी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही.

मनाला धीर यावा म्हणून बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. आला. सगळा आला, डाव्या पापणीजवळच्या तिळासकट. तिच्यातलं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. एकटं वाटायला लागलं, इतकं की छाती दुखली.

काकूंनी खिडकीतून विचारलं, नाक कसं आहे रे तिचं? फार मायेने विचारलं.

दार उघडलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

ती वळली. चेहरा चांगला आहे. पापणीजवळ तीळ आहे. मी, ती आणि पोर, तिघांनी मिळून चहा घेतला. तिने विनोद सांगितला आणि संपायच्या आत हसली. मला बरं वाटलं. बरं म्हणजे, काही वाटलं नाही.

दाराशी भरलेली पिशवी होती. कुणाची ते कळेना. तिने उचलून आत नेली.

दुपारी फोन. एक बाई होती. निघालास का, असं विचारत होती. मी सांगितलं, आमचं बिऱ्हाड आलं, आता कुणी यायची गरज नाही. मग फोनवर एक मुलगी आली. मला बाबा म्हणाली. मागची खोली अजून माझीच आहे ना, असं विचारलं तिने. मी खरं ते सांगितलं. खोलीत मुलगी आहे. ती तेव्हा गुणगुणत होती, पलीकडे ऐकू गेलं असेल. फोनवरची पोर रडायला लागली.

वाईट वाटायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी फोनवर तीच बाई. पोरीला घेऊन निघालेय, संध्याकाळी पोचते, तुला घेऊन जाणार, एक शब्द बोलायचा नाही.

वाटलं की म्हणावं, येऊ नका. का ते आठवेना. ओठ हलले. तोवर फोन बंद झाला होता.

काकूंना सांगितलं. त्या आनंदल्या.

संध्याकाळ

आज सगळी ओळ आली आहे. खुर्च्या अंगणापर्यंत.

काकू म्हणतात, दार उघडायला माणूस हवा. ओळखीचा. प्रेमाने आत घेणारा. तू थकलायस. आता तुझंच सांग.

सांगतोय. सांगता सांगता लिहितोय. लिही म्हणाल्या. उंची. बडबड. हसणं. चालताना उजवा खांदा थोडा—

हलकं वाटतंय. फार.

दाराशी कुणीतरी उभं आहे. माझा शर्ट. उंची माझी. त्याचा उजवा खांदा—

बस थांबली.

काकू म्हणतात, एवढं शेवटचं. लांबून पोर दिसली की तू हाक कशी मारतोस?

मी आधी दोन्ही हात पसरतो, आणि मग—