गोठणीवरची सुनावणी

मुक्काम आपलंच गाव
(हसनाबादहून सात किलोमीटर, रस्ता तू सोडून गेलास तसाच)
ज्येष्ठ वद्य पंचमी

मित्रवर्य मच्छिंद्र यांस,

राधेश्यामचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? (तुझी जीभ नसेल, हे गृहीत धरतो.) इकडे सगळे खुशाल. हे सगळं मोबाईलवर कळवता आलं असतं, पण लांब मजकूर आला की तू न वाचता अंगठा दाखवून मोकळा होतोस, आणि आजचा विषय अंगठ्यावर भागणारा नाही.

तर, जिंकलो. आधीच सांगून टाकतो, कारण तू शेवटचं पान आधी वाचणारा माणूस. तुझ्या ओढ्याकाठच्या चार एकरांना लागून जे साठ एकर गायरान आहे, तिथे दगडखाण काढून खडीचं मशीन बसवण्याचा एका कंपनीचा प्रस्ताव होता. तो परत गेला. टेकडी जागेवर आहे आणि लालबीच्या बावीस बकऱ्याही जागेवर आहेत. खरा प्रश्न त्यांचाच होता. नवरा, आपला महेमूद, वारल्यापासून तिचं घर त्या बकऱ्यांवर चालतं आणि अंबरीन जालन्याला नर्सिंग शिकते. गायरान गेलं की बकऱ्या गेल्या, बकऱ्या गेल्या की पोरगी घरी. मधली पायरी नाही.

अशा कामाआधी पर्यावरणाचा अहवाल करावा लागतो आणि तो लोकांपुढे ठेवून जनसुनावणी घ्यावी लागते. अहवाल ग्रामपंचायतीत आला, तीनशे बारा पानांचा. मी त्याचा मराठी सारांश वाचला. (पंचवीस वर्षं संस्कृत शिकवल्यामुळे लांब समासांची मला भीती नाही, पण या सारांशात दोनदा पाणी मागावं लागलं.) तात्पर्य असं, की सदर जागा ओसाड असून तेथे वृक्ष, पाळीव पशू अथवा मानवी वापर आढळून आला नाही. आता हे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं असंही नाही. पाहणीची माणसं आली ती नेमकी हसनाबादच्या बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी आपला गुराखी काकासाहेब बाजारात असतो आणि गावची गुरं दावणीला असतात, हे परक्या माणसाला कुठून कळावं? झाडांचं म्हणशील, तर त्यांनी पाहणी बहुधा झाडाखाली बसून केली. तिथून झाड दिसत नाही.

मी लगेच हरकतपत्र लिहायला बसलो. चौदा पानं झाली. आरंभी पृथ्वीला वंदन, मग गोधनाचा महिमा, मग भूमीच्या उपयोगाविषयी पूर्वसूरींचं मत, असा क्रम होता. लालबीला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "गुरुजी, यात माझ्या बकऱ्या कधी येणार?" मी म्हणालो, अकराव्या पानावर. "मंग तवर मी धार काढून येते," म्हणाली आणि गेली. (आली नाही.)

सुनावणी चैत्रात होती. मंडप कुठे टाकावा हे कंपनीच्या माणसाला सुचेना, ऊन तर असं की खुर्चीला हात लागत नव्हता. सरपंच गिरिजाबाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याने विचारलं, सावली कुठे आहे? मी सांगितलं, गायरानातल्या नऊ कडुलिंबांखाली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, असा आमचा शास्त्रार्थाचा नियम. तिथे आपली गोठण आहे हे त्याने विचारलं नाही. (तू विसरला असशील म्हणून सांगतो: सकाळभर चरून झालं की गुरं जिथे येऊन रवंथ करत बसतात, ती गोठण.) सुनावणीची वेळ अकराची होती. अकराला सुरू झाली असती तर बाराला आटोपली असती, आणि कंपनीचं कल्याण झालं असतं. पण साहेबलोकांची गाडी आली साडेबाराला.

अध्यक्ष म्हणून अप्पर जिल्हाधिकारी बाई होत्या. त्यांना आधी चहा दिला. ग्रामपंचायतीचं दूध उन्हाने फुटलं होतं, म्हणून गिरिजाबाईंनी लालबीकडून दूध आणवलं होतं. बाईंना चहा आवडला, दुधाची चव निराळी आहे म्हणाल्या आणि अर्धा कप आणखी घेतला. मग कंपनीचे सल्लागार उठले. त्यांचं मराठी त्यांच्याच सारांशापुढे हात टेकू लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, गावातल्या कोणीतरी वाचावं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी चौदा पानं खुर्चीवर ठेवली, त्यांचा सारांश हाती घेतला आणि वर्गात वाचतो तसा, सावकाश, खणखणीत वाचू लागलो.

"सदर जागेत पाळीव पशू आढळून आला नाही" या वाक्याला टेकडीवरून लालबीच्या बकऱ्या आणि दीडशे गुरं उतरली, मागे काकासाहेब. ती रोजच्या जागेवर आली. त्यांच्या दृष्टीने मंडप हेच अतिक्रमण होतं. एक म्हैस सल्लागारांच्या खुर्चीशेजारी बसली, आणि बसलेल्या म्हशीला जनसुनावणीच्या नियमांत उठवण्याची तरतूद नाही. लालबीच्या एका बकरीने स्वागताचा हार खाल्ला, दुसरीने माझं हरकतपत्र सुरू केलं. (अकराव्या पानापर्यंत तीही पोचली नाही.) सल्लागार म्हणाले, ही जनावरं आजच मुद्दाम आणली आहेत.

तेव्हा लालबी उठली. पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही आत्ता चहा पिल्या ना? दूध ह्याच बकऱ्यांचं हाय. कागदात बकऱ्या न्हाईत, मंग तुमच्या कपात काय आल्तं?"

बाईंनी कपाकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, वर लिंबाकडे पाहिलं, आणि लिपिकाला म्हणाल्या, "लिहा." गुरं दीडशे, बकऱ्या बावीस, वृक्ष नऊ, असं सगळं इतिवृत्तात गेलं. चहाही गेला. परवा वरच्या समितीचं पत्र आलं: प्रस्ताव परत, पाहणी नव्याने, गावकऱ्यांसमक्ष, आणि बाजाराचा दिवस सोडून. गिरिजाबाईंनी ते पत्र देवळात आणि दर्ग्यात दोन्हीकडे वाचून दाखवलं. काकासाहेब तेव्हापासून गुरांपुढे चालतो, पूर्वी मागे चालायचा.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझा,
राधेश्याम

ता. क. १ : मी सारांश वाचला असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. मी तीनशे बाराही पानं वाचली.

ता. क. २ : पान दोनशे सत्त्याऐंशीवर खडीच्या गाड्यांसाठी ओढ्याकाठच्या चार एकरांतून रस्ता द्यायला मालकाची संमती जोडली आहे. सही ओळखीची वाटली. आठवीत माझ्या वहीतून उतरवलेल्या उत्तरांखाली तीच असायची. रस्ता आहे तोवर प्रस्ताव पुन्हा येईल. रस्ता नसेल तर खडी काय टेकडीवरच ठेवणार? मी हे कोणाला बोललो नाही. लालबी काल म्हणत होती, "मच्छिंद्रभाऊ हाय की आपला, त्याच्या रानातून तो गाडी जाऊ देणारच न्हाई." मी म्हणालो, बिलकुल.

ता. क. ३ : सोबत संमती मागे घेत असल्याचा अर्ज आहे. एकाच ओळीचा आहे (माझ्या हातून, याची नोंद घ्यावी), फक्त सही हवी. हे पत्र घेऊन आलेल्या गिरिजाबाईंच्या जावयाच्या पिशवीत एक डबाही आहे: अंबरीन पहिल्या वर्षाला पास झाली, त्याचे पेढे लालबीने तुझ्यासाठी पाठवले आहेत. सही झाल्याशिवाय डबा काढायचा नाही, असं त्याला मी बजावलं आहे. लालबीला यातलं काही ठाऊक नाही. तू सही केलीस की ठाऊक व्हायचं कारणही उरणार नाही.