बोटुकली सोडण्याआधीचं गणित

प्रिय दादा,

उद्या सकाळी आपल्या तलावावर बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांची, गाडी येतेय आणि मला ती परत पाठवायची आहे, म्हणून आज तुला लिहितेय. 'सोडा खुशाल मासे' असं अख्ख्या संस्थेला सांगून बसलेय कोण? मीच!

झालं असं, वरच्या धानाच्या बांध्यांमध्ये तणनाशक मारलं, मागोमाग पाऊस आला आणि ते नाल्याला लागलं. तलावात पोचेपर्यंत किती उरेल, असं मच्छीमार संस्थेच्या लोकांनी मला विचारलं. आपलंच गणित की रे! औषध पाण्याबरोबर वाहतं, आजूबाजूला पसरतं, वाटेत थोडंथोडं नासतं. मी नाल्याचे तुकडे पाडून संगणकाला दिले. पिल्लं सोसतील एवढाच आकडा आला आणि तो मी सांगून टाकला.

तुझी ती खोड आठवते? चंद्रपूरला कॉलेजात शिकवायचास, तरी सुट्टीत घरी आलास की माझंच काम घेऊन बसायचास. "तुह्या कंप्युटरले आधी असं गणित दे, ज्याचं उत्तर आपल्याले माहीत हाये. मंग नाला दे." किती भांडायचे मी! तू कागदावर सूत्राने सोडवायचास तो नाला सरळसोट, खोली सारखी, पाण्याचा वेग एकच. असा एक तरी नाला आपल्या जिल्ह्यात दाखव ना! वळण किंवा बंधारा आला की तुझी पेन्सिल थांबायची.

आज दुपारी कोण जाणे का, तसला सरळ नाला कागदावर सोडवला आणि तोच संगणकाला दिला. दादा, उत्तरं जुळेनात! आलेखात सूत्राचा उंचवटा टोकदार, माझा बसका. पाण्याने औषध एवढं पसरवलंच नव्हतं. मी पाडलेल्या नाल्याच्या मोठ्या तुकड्यांनीच ते गणितात पसरवलं होतं, म्हणून विष कमी दिसलं. मग तुकडे बारीक केले, पद्धत बदलली, सूत्राशी जुळल्यावरच खरा नाला दिला, वळणांसकट, बंधाऱ्यासकट. या वेळी पिल्लं मारणारा आकडा आला.

आईला सांगितलं. "काल हो म्हनली, आज नाई म्हनून राह्यली. लोक हासतीन ना वो! दादा असता तं..."

तू असतास तर कालचा आकडा घराबाहेर पडला नसता. तू गेल्यानंतरचं हे माझं पहिलं गणित. ते कुणी तपासलंच नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. असं मधेच निघून जातात का रे? फार राग येतो तुझा.

उद्या गाडी यायच्या आत मी तलावाच्या पाळीवर उभी असेन. लोक हसोत, चिडोत. माझा आकडा चुकला हे मीच सांगेन आणि औषध उतरेपर्यंत एकही पिल्लू पाण्यात पडू देणार नाही. यापुढे दोन्ही गणितं केल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हे तुला वचन. तुझ्या वाटचंही मीच करीन, दादा.

तुझी भांडकुदळ बहीण,
मंदा