न वाढलेलं वादळ

अण्णा,

आज वर्गात मुलींना वादळ शिकवत होते. समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर चढते, तिच्यातल्या उष्णतेवर वादळ पोसतं, इथवर नीट सांगितलं. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, मग सगळीच वादळं मोठी का होत नाहीत?" आणि मी फळा पुसून पुढचा धडा काढायला लावला.

या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्याकडून ऐकलं होतं, आपल्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. मी बारा वर्षांची. तुम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवायचात आणि दादा कोकणातल्या एका बंदरावर जकात कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागला होता. बोटीनं मुंबईला यायचं, तिथून आगगाडीनं नाशिक रोडला, असा त्याचा बेत. त्या सकाळी वर्तमानपत्रात अरबी समुद्रातल्या वादळाची बातमी आली आणि पाठोपाठ त्याची तार: हवा बिघडली आहे, थांबू का?

आई करंज्या तळायची थांबली. तुम्ही चुलीजवळ पाट ओढून बसता, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावरचं झाकण काढता. "हे बघ, वाफ कशी सरळ वर जातेय. अशी एका जागी चढत राहिली तरच वादळ बळावतं." मग हातपंख्यानं वरच्या बाजूला आडवा वारा घालता आणि वाफ पार विस्कटून जाते. "उंचावर वारा जोराचा आहे, आणि तोही दुसऱ्याच दिशेचा. मुंबईला फुगे सोडून मोजतात तो. वादळाचं डोकं धडावर राहूच देत नाही. शिवाय या दिवसांत आपल्याकडची कोरडी हवा समुद्रावर जाते. ती आत शिरली की ढग सुकतात." मला ते इतकं पटलं, की पुन्हा एकदा करून दाखवा म्हणाले. आईनं एवढंच विचारलं, "बोट मोठी असते हो. पण किनाऱ्यापासून बोटीपर्यंत छोट्या पडावातूनच जावं लागतं ना?"

"अगं, वादळ वाढणारच नाही," तुम्ही म्हणालात, कोट चढवलात आणि तारऑफिसात जाऊन दादाला 'ये' म्हणून कळवलंत.

वादळ वाढलं नाही. नाशकात नुसतं मळभ आलं, नदीच्या घाटावर धुणं वाळत घातलेल्या बायकांनी एकदा वर पाहिलं, इतकंच. बोटही सुखरूप मुंबईला लागली. दादा तिच्यात नव्हता. बंदरातल्या खवळलेल्या पाण्यात पडाव बोटीपाशी पोचता पोचता उलटला. बाकीच्यांना खलाशांनी ओढून काढलं. तो सापडला दुसऱ्या दिवशी.

तुम्ही कोकणातून परत आलात तेव्हा मामाबरोबर मी स्टेशनवर आले होते. टांग्यात बसल्यावर तुम्ही मामाला म्हणालात, "वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच विरलं. मी म्हणालो होतो तसंच झालं सगळं." थोड्या वेळानं तुम्ही तेच वाक्य पुन्हा म्हणालात. त्यात फुशारकी नव्हती. उत्तर बरोबर येऊनही नापास झालेल्या आणि का ते न कळलेल्या मुलासारखा तुमचा चेहरा होता.

त्यानंतर तुम्ही वर्गात तो धडा कधी घेतला नाहीत. घरात आई तुमचं पान वाढायची, कपडे काढून ठेवायची, आणि बोलायची ती कामापुरतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचात, काहीतरी विचारायचं असल्यासारखे, आणि परत फिरायचात. तिनं तुम्हाला माफ केलं नाही असंच मी धरून चालले. तुम्हीही तेच धरून गेलात.

तुमच्यामागे खूप वर्षांनी, वाती वळता वळता आई म्हणाली, "राग कसला गं? आवाज कापत होता त्यांचा. ते मला समजावत नव्हते, स्वतःला समजावत होते. मला कळत होतं, तरी मी 'तार करू नका' म्हणाले नाही. पोरगं घरी यावं असं मलाही वाटत होतं. मग कुठल्या तोंडानं बोलायचं त्यांच्याशी?"

हे तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून लिहायला बसले. पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी हात धजला नसता. कारण मग उरलेलंही सांगावं लागलं असतं. तुमचा आवाज कापलेला मला कळलाच नव्हता. घरात तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी मी एकटीच होते, आणि तुम्ही तार केलीत त्या रात्री मला गाढ झोप लागली.