लांब टीप

प्रिय दादा,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इथे सगळे धडधाकट आहोत आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतोय. फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तू वहिनीला म्हणशील. पण फोनवर तू ‘बरंय ना सगळं, ठेवतो मग’ असं एका दमात म्हणतोस आणि माझं बोलणं ओठांवरच राहतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा हातातली कात्री खाली ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

आमच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांचे वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत. खालची मुलं वर्षानुवर्षं मान वर करून त्या खिडक्यांकडे बघत मोठी होतात आणि एक दिवस स्वतःच त्या खिडकीत जाऊन उभी राहतात. मग पहिले काही आठवडे ती जागेपणी झोपेत असल्यासारखी वावरतात. पुस्तकं एकदम जाड होतात. कालपर्यंत खोड्यांवरून रागावणारे शिक्षक आज भविष्याबद्दल बोलायला लागतात. पहिल्या नंबराची मुलं पहिल्याच चाचणीत तोंडावर आपटतात आणि कुणाला सांगत नाहीत. म्हणून या दिवसांत मी माझी फेरी सुरू करते. शाळा भरायच्या आधी एकेकाला सोबत घ्यायचं आणि मैदानाला चक्कर मारायची. समोर खुर्चीत बसवलं की मुलं उत्तरं देतात, बाजूने चालायला लागलं की बोलतात. गणिताच्या बाई मला ‘फिरता दवाखाना’ म्हणतात. म्हणू देत.

सकाळी मैदानावर धुकं असतं. पलीकडची भिंत दिसत नाही, आपलीच पावलं लांबून कुणाची तरी ऐकू आल्यासारखी वाटतात, आणि अशा वेळी मुलांना आपण कुणाशी बोलतोय याचा विसर पडतो. एका लंबूने मला सांगितलं की पहिल्या दिवसापासून त्याला एक अक्षर कळलेलं नाही, शेजारचा मान हलवतो म्हणून तोही हलवतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्याने नेमकं तेच सांगितलं. त्या दोघांना मी समोरासमोर आणलं आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं. एक मुलगी म्हणाली, ‘मी अभ्यासाला बसले की घरातले सगळे चवड्यांवर चालतात, मला उगाच काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.’ ते ऐकून मी हसले होते. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

आता चिंगीचं. दादा, तुझी लेक बरी नाही. ताप नाही, खोकला नाही, पण बरी नाही. तू सांगितलंस तशी मी तिला मागची खोली दिली. खिडकीत झाड आहे, दार वाजू नये म्हणून फटीला कापड लावलंय, मिक्सरसुद्धा ती घराबाहेर असतानाच फिरवते. ती पाठ ताठ करून टेबलाशी बसते आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जातं तरी पुस्तकाचं पान तेच असतं. वरच्या मजल्यावरच्या पहिल्याच चाचणीचे पेपर तिने जवळजवळ कोरे दिले. मागच्या आठवड्यात बघते तर कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरलेली. म्हणाली, ‘आत्या, माझ्या डोक्यात काही राहतच नाही. मी शाळा सोडते. घरी जाऊन बाबांच्या हाताखाली शिवायला बसते.’ शिवायला बसण्यात काही कमीपणा नाही, हे तुला मी सांगायला नको. पण ती आवडीने निघाली नव्हती, हरून निघाली होती. सत्र संपेपर्यंत थांब, मग मीच तुला गाडीत बसवून देते, असं म्हणून मी कशीबशी वेळ मारून नेली.

फेरीत तीही येते. सगळ्या जगाची मुलं माझ्यापाशी मन मोकळं करतात आणि घरची पोरगी ‘बरंय आत्या’ यापुढे जात नाही. एकच गोष्ट लक्षात आली. मैदानाच्या मागच्या भिंतीपलीकडे एक छोटा छापखाना आहे. तिथे आलं की हिचं पाऊल मंदावतं आणि बुटाची नाडी हटकून तिथेच सुटते. परवा मधल्या सुट्टीत ती वर्गात दिसेना, म्हणून मी शोधत तिकडे गेले. भिंतीला टेकून पायरीवर बसली होती, मांडीवर गणिताची वही. पलीकडे यंत्र चालू होतं आणि ही भराभर लिहीत होती. मी काही बोलणार तेवढ्यात माझी नजर तिच्या पायाकडे गेली. पाय चालत होता दादा. टाच खाली, चवडा खाली, टाच खाली, चवडा खाली, तुझा चालतो तसा.

मी तिथेच उभी राहिले. दुपारचं ऊन होतं, पण मला आपली बाहेरची खोली दिसायला लागली. बाबा कापड बेततायत, तू मशीनवर, आणि मी चिंध्यांच्या ढिगावर पुस्तक घेऊन पालथी पडलेली. दोऱ्याची रिळं उन्हात चमकतायत. मला त्या घरात कधी कुणी ‘आवाज बंद करा, पोरगी अभ्यास करतेय’ असं म्हणाल्याचं आठवत नाही, आणि तरी मी शिकले. किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. घंटा झाली तेव्हा चिंगीने मान वर केली आणि मला बघून चपापली.

वर्गाकडे परत येताना ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘मशीनवर बाबांची लांब टीप लागली की मी गणित घ्यायचे. काजं-बटणं करायला बसले की पाठांतर. कात्री चालायला लागली की उठून पाणी प्यायचं.’ मी विचारलं, मग हा छापखाना चालतो का तुला? म्हणाली, ‘बरा आहे. पण त्याला कोपरे नाहीत. बाबा कॉलरच्या कोपऱ्याशी थांबतात ना, तेव्हा मी उत्तर तपासायचे.’ इतकी वर्षं तुझ्या घरात हे चाललं होतं आणि तुला पत्ता नाही. मला विचारशील तर मला फार हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

हे तुला लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिला इथे सोडायला आलास तेव्हा दारात उभा राहून तू म्हणालास, ‘आमच्या खडखडाटात पोरीचं नुकसान नको.’ ते तुझं वाक्य माझ्या मनातून जात नाही. वहिनी सांगते की फोन लावायच्या आधी तू मशीन थांबवतोस, तिला त्रास नको म्हणून. म्हणजे घर सोडल्यापासून तिने ते ऐकलेलंच नाही. दादा, तुझ्या खडखडाटाने तिचं काहीही बिघडलेलं नाही. ती त्यातच वाढली, त्यातच शिकली. तिला माझी शांत खोली नको, तुझं मशीन हवंय, आणि एवढंच मागायला मी हे पत्र लिहिलं. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की फोन लाव. अभ्यास झाला का, हे विचारू नकोस. काहीच विचारू नकोस. फोन मशीनच्या फळीवर ठेव आणि तुझं काम करत राहा. इकडचा फोन मी तिच्या वहीशेजारी ठेवते आणि खोलीचं दार ओढून घेते. बॅग अजून भरलेलीच आहे, ती तिची तिला रिकामी करू दे. आणि पहिल्या दिवशी काजं घेऊन बसू नकोस. लांब टिपेने सुरुवात कर, तिचं गणित फार मागे पडलंय.

तुझीच,
चिंध्यांवरची धाकटी