घाटाजवळचा गाळ

पवनार, ९ मार्च २००४

आज बाबांची राख सावडली. अस्थी घेऊन नदीवर गेलो, तर पात्रात वाहतं पाणीच नाही. घाटाशी गुडघाभर गाळ, बेशरमाची झुडपं आणि मधे नालीच्या पाण्याचं काळं डबकं. काकांना हे ठाऊक असावं. त्यांनी विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. निळी कॅन, बाबा वावरात न्यायचे तीच.

"वरून वत," काका म्हणाले. "नदी वाहून राह्यली असं समज."

ओतलं. राख थोडी सरकली आणि गाळातच बसली. रडू यायला हवं होतं का? मी कॅनचं झाकण शोधत होतो.

संध्याकाळी नदीच्या बैठकीला गेलो. सुतकात जायला नको होतं, पण बाबा एकही बैठक चुकवत नसत. तेच बोलणं, नाली कोण बंद करणार, गाळ कोण काढणार. शेवटी सरपंच म्हणाले, परवा मशीन येतेय, घाटापासून सुरुवात. गाळ फुकट, ज्याला वावरात टाकायचा त्यानं ट्रॉली आणावी. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुह्या बाबानंच मांगली होती मशीन. तुले पायजे का गाळ?"

कॅन आता दारात उभी आहे. झाकण सापडलंच नाही.

सरपंचांना काय म्हणालो, ते आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणालो, द्या दोन ट्रॉल्या. घाटाजवळचाच द्या.